सतरा नंबरचा सेमीकोलन

मी एक जुना कळफलक आहे. म्हणजे कीबोर्ड; कळफलक म्हटलं तर इथं कुणी वळूनही बघत नाही. नांदेडजवळच्या एका मोठ्या विद्यापीठात, संगणक विभागाच्या प्रयोगशाळेत, शेवटच्या रांगेत सतरा नंबरच्या संगणकापुढं माझा मुक्काम. मित्रांनो, नवा होतो तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो बरं का! पुढं अक्षरं पुसट झाली आणि मला मागं ढकललं.

मागची रांग मायनरवाल्यांची. मुख्य विषय दुसराच, जोडीला संगणकशास्त्र घेतलेली ही पोरं. नायगावची सुकन्या त्यातलीच. वनस्पतिशास्त्राचा तास संपला की ती धापा टाकत यायची आणि रिकामा उरलेला मीच तिच्या वाट्याला यायचो.

माझं एक बटण मेलेलं होतं. तेही नेमकं सेमीकोलनचं, म्हणजे अर्धविरामाचं! ती पोरं लिहितात त्या भाषेत जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी तो लागतो. नसला की प्रोग्रॅम अडून बसतो. सुकन्यानं तक्रार केली. "मायनरला काय, हाय त्यावर भागवा," असं उत्तर मिळालं. मला लई राग आला, पण मी बोलणार कसा?

पोरगी मात्र हुशार. जुन्या प्रोग्रॅममधला एक सेमीकोलन ती उचलायची आणि दर ओळीला तोच आणून चिकटवायची. सहा महिने तिनं असंच निभावलं.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. यात नापास झालेल्याला मायनर बदलावं लागेल, असं विभागानं आधीच सांगून ठेवलेलं. सुकन्याला तर पुढं संगणकातच शिकायचं होतं. तिची बोटं गार पडली होती, ते मला कळत होतं.

परीक्षक उमाशंकर सर लातूरहून आलेले. ते मागं येऊन उभे राहिले आणि त्यांना पडद्यावर जुनी फाईल उघडी दिसली.

"काय चिकटवायलीस? ऊठ!"

"सर, फक्त सेमीकोलन आणला. बटण लागंना."

"रोज हेच ऐकतो मी. शून्य देऊ का?"

सुकन्याचे डोळे भरून आले, पण ती उठली नाही. "सर, एकदा तुम्ही दाबून बघा," ती म्हणाली.

सरांनी दाबलं. काही नाही. अंगठ्यानं दाबलं, तरी काही नाही. मग त्यांनी पेनाच्या टोकानं बटण उचकटलं. आतून कुंकवानं लाल झालेले दोन तांदूळ बाहेर पडले.

"अरे देवा!" दाराशी उभे असलेले शिपाई शेषेराव काका पुढं आले. "ह्या तर माझ्या खंडेनवमीच्या अक्षता!"

दरवर्षी खंडेनवमीला काका आम्हा सगळ्यांची मनोभावे पूजा करतात. पुढच्या रांगा नंतर झाडून निघतात, मागची तशीच राहते.

सरांनी बटण परत बसवलं. "आता जुनी फाईल बंद कर. माझ्यासमोर पहिल्यापासून लिही."

झाडांच्या पानांच्या लांबीची सरासरी काढायचा प्रोग्रॅम होता. ती लिहीत गेली, प्रत्येक ओळीला माझं बटण टकटक वाजलं आणि उत्तर बरोबर आलं.

"मुख्य विषय वनस्पतिशास्त्र ना? मग हे कशाला घेतलंस?"

"आवडतं म्हणून, सर."

सरांनी मान डोलावली आणि चाळीसपैकी सदतीस गुण दिले.

यंदाच्या खंडेनवमीला काका ताट घेऊन आले तेव्हा सुकन्या तिथंच होती. "थांबा काका," म्हणत तिनं मला पालथं घातलं. "आता लावा हळदीकुंकू."

तो पिवळा ठिपका अजून माझ्या पाठीवर आहे. मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण नंतर फडकंही फिरवा. आणि मागच्या रांगेतून कुणी बटण लागत नाही म्हणालं, तर खोटं ठरवण्याआधी एकदा स्वतः दाबून बघा.