धुतलेली द्राक्षं

मेधाच्या चित्रात सगळं जमलं होतं, द्राक्षं सोडून. पीचवरचा डाग जमला होता, सफरचंदाला पडलेलं किडीचं भोक तर झकासच. पण काळ्या द्राक्षांवर असते ती पांढुरकी, धुरकट झाक काही केल्या येत नव्हती.

आठवडाभर आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात डोकेफोड करायची आणि शनिवारी लायब्ररीतल्या चित्रांच्या वर्गाला जायचं, असा तिचा क्रम. सध्या तिथे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांची फळं चालली होती. त्या लोकांनी फळांचे फाजील लाड केले नाहीत. जसं दिसलं तसं, किडीसकट रंगवलं. शिकवणारी फियोना तोंडाने फटकळ. मेधाची द्राक्षं बघून म्हणाली, “बाकी ग्रँड आहे. यांच्यावर मात्र पीठ सांडलंय.”

ते मेधाला फार लागलं. चाळिशीत पहिल्यांदाच ती स्वतःसाठी काही करत होती, आणि त्यात तिला नापास व्हायचं नव्हतं. पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी खिडकीतल्या घडाकडे बघत तिने ती झाक पुन्हा रंगवली.

शुक्रवारी कामावरून आली, तर घड चाळणीत निथळत होता. काळा कुळकुळीत.

“मिठाच्या पाण्यातून काढली गं,” नाशिकहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या. “केवढं औषध मारलेलं वर!”

“आई, ते औषध नव्हतं! तेच तर रंगवत होते मी!” मेधा चांगलीच तडकली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. “मग चित्राचंही चुकलंच माझं,” त्या हळूच म्हणाल्या.

मेधा चित्राकडे धावली. दोन द्राक्षांवरून ओलं फडकं फिरलं होतं. वरची ओली झाक पुसली गेली होती आणि खालचा वाळलेला काळा रंग चकाकत होता.

“मला वाटलं, औषधच उडालंय त्याच्यावर. फडक्याला रंग लागला तेव्हा कुठे कळलं.”

मेधाला खरं तर रडू यायला हवं होतं, पण तिला हसू फुटलं. नाशकात जन्मभर द्राक्षं धुतलेल्या बाईला ती झाक खरी वाटली होती! तिने ब्रश हातात घेतला आणि न वापरताच परत ठेवून दिला.

शनिवारी फियोना चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. पिठाचं नावही काढलं नाही. फक्त त्या दोन द्राक्षांकडे बोट दाखवून तिने विचारलं, “ही अशी का?”

“ती माझ्या सासूबाईंनी धुतलीत,” मेधा म्हणाली.