दुसरी खुर्ची

प्रोफेसर ब्रांदिमार्तेंनी जाकीट काढलं आणि शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर अडकवलं. ती खुर्ची डॉक्टर पेरोनेंची. तोंडी परीक्षा दोघांनी मिळून घ्यायची असा नियम आहे आणि तो हॉलच्या दारावर ठळक अक्षरांत लावलेलाही आहे. पेरोने सकाळी आल्या, हजेरीची सही केली, ‘आलेच’ म्हणाल्या आणि खाली प्रयोगशाळेत निघून गेल्या. नाव परीक्षक मंडळावर आणि माणूस तळमजल्यावर. आमच्याकडे जनरल केमिस्ट्रीची तोंडी वर्षानुवर्षं अशीच चालत आली होती. पेरोनेंची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि तो करार वाढवायला ब्रांदिमार्तेंची शिफारस लागायची. त्यामुळे त्यांना कोणी दोष देत नसे. नियम सर्वांना पाठ होता, आणि तो मोठ्याने म्हणायचा नसतो हेही.

जुलै होता. बंदराकडून येणाऱ्या वाऱ्याने बाकं चिकट झाली होती. तोंडी सगळ्यांसमोर होते, म्हणून आपला नंबर येईपर्यंत आम्ही मागे बसून पुढच्याला काय विचारतात ते ऐकत, टिपून घेत होतो. आडनावांच्या क्रमाने पुकारा चालला होता. माझ्या एका बाजूला नोएमी स्कालेरा, तिच्या पलीकडे रुज्जेरो तारांतिनी. रुज्जेरोने तेलकट कागदातला फोकाच्चा पाव तिच्यापुढे धरला.

“खा गं. उपाशी पोटी बफरसुद्धा टिकत नाही.”

“गप रे. आत्ता नको.”

“पास झालीस की माझ्यासमोर चावून खायचा. कबूल?”

नोएमी हसली नाही. ती गार्गानोच्या डोंगरातल्या एका गावची. विद्यापीठाच्या वसतिगृहात तिला खाट मिळाली होती, पण ती टिकवायला ऑगस्टच्या आत ठरावीक परीक्षा पार कराव्या लागतात. तिची एकच राहिली होती, ही. पुढची संधी सप्टेंबरात, तोवर खाट दुसऱ्याची झालेली असती. खाट गेली की शिक्षण गेलं, कारण रोज गावाहून येणं-जाणं केवळ अशक्य. तीसपैकी अठरा मिळाले की पास. तिला लेखीत एकोणतीस होते. तोंडीत काही भलतं घडलं नाही तर प्रश्नच नव्हता.

“स्कालेरा, नोएमी.”

ती पुढे गेली. ब्रांदिमार्तेंनी समोरच्या पडद्यावर तिची माहिती उघडली, थोडं वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“तुम्ही शाळा कुठली केलीत म्हणालात, सिन्योरीना?”

“हॉटेलच्या कामाची, प्रोफेसर.”

“म्हणजे स्वयंपाक?”

“मुख्य विषय वाढप. स्वयंपाकही होता.”

“वा. आणि बफर द्रावणं? ती सूपनंतर की सूपच्या आधी?”

“ती तुमच्या तासाला शिकले. मी पहिल्या रांगेत बसायचे.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ब्रांदिमार्तेंना हसू आवडत नाही, ते त्यांचं स्वतःचं नसेल तर. त्यांनी लेखीतलाच बफरचा प्रश्न विचारला. अॅसिटिक आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असताना त्यात थोडं तीव्र आम्ल टाकलं तर काय होतं? नोएमीने फळ्यावर समीकरण मांडलं, पीएच फारसा का हलत नाही ते सांगितलं, आणि कुठल्या मर्यादेनंतर हलतो तेही सांगितलं. आम्ही मागे माना डोलावत होतो. उत्तर नीटनेटकं होतं.

“पाठांतर उत्तम,” ते म्हणाले. “आता व्हॅनेडियमचा तीन धनभार असलेला आयन घ्या. त्याच्या दोन डी इलेक्ट्रॉनांच्या सगळ्या ऊर्जापातळ्यांची चिन्हं लिहा.”

हा प्रश्न पहिल्या वर्षाचा नाहीच. तिसऱ्या वर्षाची मुलंसुद्धा यावर अडखळतात. आमच्या अभ्यासक्रमात तो नव्हता, आमच्या पुस्तकात नव्हता, आणि त्या दिवशी इतर कोणालाही विचारला गेला नव्हता. मला हे ठामपणे सांगता येतं, कारण सकाळपासूनचे सगळे प्रश्न आमच्यापाशी लिहिलेले होते.

“हे आम्हाला शिकवलेलं नाही, प्रोफेसर.”

“एकोणतीस मिळवणाऱ्याला कुतूहल असतं.” ते पुढे झुकले आणि तोवर ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस एकदम ‘तू’वर आला. “हे बघ पोरी. ती लेखी तुझी नाही हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. कोणाच्या पेपरात डोकावलीस ते मी विचारत नाही. अठरा देतो. घे, माझे आभार मान आणि जा.”

लेखीच्या दिवशी नोएमी पहिल्या बाकावर एकटी बसली होती. तिच्या पुढे फक्त फळा होता. डोकावायचं कुठे?

पण तिला अठराच तर हवे होते. एक ‘हो’ म्हटलं की खाट तिची. आमच्याकडे मिळालेले गुण नाकारून पुन्हा परीक्षेला यायची मुभा आहे, पण अठरा देताना ब्रांदिमार्ते ‘माझी स्मरणशक्ती चांगली आहे’ असं सांगून ठेवतात आणि मुलं मूग गिळून ते गुण घेतात. मी मनातल्या मनात तिला सांगत होतो, घे बाई, घे आणि सूट. रुज्जेरो पुटपुटला, “घेऊ नकोस.” आम्हा दोघांचंही तिला ऐकू येणं शक्य नव्हतं.

नोएमीने खडू खाली ठेवला आणि बोटं पुसली.

“या अठरांचा अर्थ मी चोरी केली असा होतो का?”

“अर्थ तू काढ. गुण मी देतो.”

“तुम्ही एकटे देऊ शकत नाही, प्रोफेसर.”

“काय म्हणालीस?”

“परीक्षक दोन असतात. दारावर लिहिलंय. मला ज्यांनी काही विचारलंच नाही, त्या डॉक्टर पेरोने कुठे आहेत?” तिने खुर्चीकडे बोट केलं. “माझी परीक्षा एका प्रोफेसरांनी आणि एका जाकिटाने घेतली. त्या इथे बसेपर्यंत मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही.”

ब्रांदिमार्तेंच्या मानेवर लाली चढली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. कोणी खाली पाहिलं नाही. त्यांना तिला हाकलून देता आलं असतं, पण मग निकालाच्या नोंदीत काय लिहिणार? मंडळ अपुरं होतं म्हणून? मागून एक मुलगी उठली आणि कोणी न सांगता जिना उतरून गेली.

डॉक्टर पेरोने वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात यंत्रातल्या कॉफीचा पेला होता. त्या जाकिटापाशी थांबल्या. ते उचलावं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

“बसा,” ब्रांदिमार्ते म्हणाले. “सिन्योरीनाला तुमची फार आठवण आली. विचारा काहीतरी.”

पेरोनेंनी जाकीट हलकेच टेबलाच्या कडेला ठेवलं आणि बसल्या. त्यांचा आवाज बारीक होता.

“अमोनियम क्लोराइड पाण्यात विरघळवलं. पाणी आम्लधर्मी होईल, आम्लारीधर्मी होईल की जसंच्या तसं राहील?”

“थोडंसं आम्लधर्मी. एक दशांश मोलर असेल तर पीएच पाचाच्या किंचित वर.”

“का?”

“अमोनियम आयन पाण्याला प्रोटॉन देतो. क्लोराइड काहीच करत नाही. नुसता हजर असतो.”

“परीक्षक मंडळावर घ्या त्याला,” मागून कोणीतरी म्हणालं. हॉल हसला. पेरोनेंचे कान लाल झाले, पण त्या थांबल्या नाहीत. आणखी प्रश्न विचारले, सगळे पहिल्या वर्षाचे, एकापेक्षा एक अवघड. नोएमी एकात चुकली. चूक तिच्या आपणहून लक्षात आली आणि तिने ती पुसून दुरुस्त केली. असं उत्तर डोकावून देता येत नाही, हे रसायनशास्त्राचा गंध नसलेल्यालाही कळलं असतं.

“माझं समाधान झालं,” पेरोने म्हणाल्या.

“चोवीस,” ब्रांदिमार्ते म्हणाले.

“लेखीत एकोणतीस आहेत, प्रोफेसर.”

“आणि माझ्याकडे अठरा. मी सरासरी काढली, तीही वरच्या बाजूला.”

जे अठरा एका खोट्या आरोपाचे होते, ज्यांना कोणताही आधार नव्हता, ते आता सरासरीत जाऊन बसले होते. सभ्य कपडे घालून. तिचे पाच गुण आमच्या डोळ्यांदेखत गेले आणि हिशोब मात्र चोख होता.

“घेणार की आता आणखी कोणाला बोलावू?” ब्रांदिमार्तेंनी विचारलं.

नोएमीने खिडकीकडे पाहिलं, मग पेरोनेंकडे.

“चोवीस चोरीचे नसतात ना, डॉक्टर?”

“नाही,” पेरोने म्हणाल्या. या वेळी मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं. “तुमची लेखी तुमची आहे.”

“मग घेते.”

तिने आभार मानले नाहीत. ती परत येऊन बसली. रुज्जेरोने फोकाच्चा पुढे केला, तिने तो घेतला आणि न खाता हातात धरून ठेवला.

“तारांतिनी, रुज्जेरो.”

रुज्जेरो तेलकट बोटं पँटला पुसत पुढे गेला. डॉक्टर पेरोनेंनी कॉफीचा पेला उचलला आणि सवयीने उठल्या. ब्रांदिमार्तेंनी जाकीट पुन्हा त्या खुर्चीकडे नेलं.

“बसा,” ते रुज्जेरोला म्हणाले.

“डॉक्टर बसल्या की बसतो.”

“तारांतिनी, तुमची लेखी एकोणीसची आहे. धाडस जरा जपून करा.”

“एकोणीसच आहे, प्रोफेसर. माझी तोंडीपण दोघांनी घ्यावी, एवढंच.” तो उभाच राहिला.

मग मागून कोणीतरी म्हणालं, “डॉक्टर, बसा.” दुसऱ्या बाकावरूनही तेच आलं, आणि मग सगळीकडून, ओरडून नव्हे, पाहुण्याला म्हणतात तसं. “बसा ना, डॉक्टर.”

पेरोने दारापासून वळल्या. त्यांनी ब्रांदिमार्तेंकडे पाहिलं नाही. पेला टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसल्या.

प्रोफेसर ब्रांदिमार्ते जाकीट हातात घेऊन थोडा वेळ उभे होते. ते अडकवायला शेजारी आता रिकामी खुर्ची उरली नव्हती. शेवटी त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला.