डब्यातली खूण

कपड्यांचा कारखाना बंद पडला, तशी ती घरोघरी जाऊन फाटकं-उसवलेलं शिवून द्यायला लागली. नवरा कधीच वारलेला. घरात सासू, शाळकरी मुलगी आणि ती. पिठाचा भाव रोज चढत होता. "काय वाटेल ते होवो, म्हातारीला कामाला लावायचं नाही," असं शेजारणींना ठणकावून सांगायची. बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही.

घरात तिचाच कायदा. डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, पीठ तीच काढणार. ते अंदाजापेक्षा जास्त पुरत होतं, त्याची शाबासकी तिनं स्वतःलाच देऊन टाकली होती. तरी भाव पुन्हा चढल्यावर तिनं एक शक्कल काढली. पीठ सपाट करून त्यात शिवताना बोटात घालायचं टोपण दाबलं. बारीक खळग्यांची खूण उमटली.

दुसऱ्याच दिवशी खूण मोडलेली. मुलगी शपथेवर नाही म्हणाली. मग राहिलं कोण?

"आई, भूक लागली तर मागा ना. चोरून कशाला खायचं?" नातीसमोरच ती बोलली. वर खुणेची हुशारीही ऐकवली. सासूचं तोंड एवढंसं झालं. जेवताना ताटातलं निम्मं तिनं नातीला वाढलं.

सकाळी टोपण घरी राहिलं म्हणून ती अर्ध्या वाटेतून परतली. सासू डब्याशी उभी होती.

"आता सापडलात!"

सासू दचकली. तिच्या हातातल्या कागदी पिशवीतून पीठ डब्यात पडत होतं.

"घेत नव्हते गं," ती चाचरत म्हणाली. "तू गेलीस की बेकरीवालीची भांडी घासते. ती पीठ देते. तू चारचौघींत मला कामाला लावणार नाही असं बोलून बसलेली. म्हटलं, तुला कमीपणा नको."

सासूची बोटं भेगाळली होती. रोज समोर बसून जेवताना सुनेनं ती पाहिलीच नव्हती. लाजेनं तिचे कान तापले.

सासूनं हलक्या हातानं पीठ सपाट केलं. मग स्वतःच्या बोटात चढवलेलं सुनेचं टोपण काढून तिच्यापुढे धरलं.

"खूण तूच कर बाई. मला तुझ्यासारखी नाही जमत."