फाटकाचे चार खांब

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा की, तुम्ही दोन माणसांच्या मधे उभे आहात. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. पहिला जे बोलेल ते तुम्ही दुसऱ्याला समजावून सांगायचं. पण तुम्हाला ती भाषा अर्धवटच शिकवलेली आहे. पहिला म्हणतो, "दारात एक माणूस उभा आहे." तुम्ही अडखळत सांगता, "दारात एक माणूस... माणूस उभा आहे." ऐकणाऱ्याला वाटतं, दोघे आहेत. आणि तुमच्या त्या अडखळण्यापायी तिसऱ्याच कुणाच्या तरी तोंडाला काळं फासलं जातं.

मी तसाच एक दुभाषा आहे. मी एक जुना बालन आहे. काही कारागीर मला 'बलून' म्हणतात, पण फुग्यात निदान हवा तरी असते. राखणीच्या कॅमेऱ्याला चित्र पाठवायला जाड, महागडी तार लागते. ती परवडत नसेल तर पीळ घातलेल्या दोन बारीक तारांमधून चित्र नेता येतं, मात्र त्यासाठी दोन्ही टोकांना माझ्यासारखा एकेक दुभाषा बसवावा लागतो. म्हणून आम्ही नेहमी जोडीने विकले जातो. माझाही एक जुळा भाऊ होता.

माझ्या पोटात वाटाण्याएवढं एक काळं कडं आहे. त्या कड्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळतात. ते वेढे नीट, घट्ट आणि पुरेसे असले तर चित्र स्वच्छ जातं. माझे वेढे गुंडाळणाऱ्या बाईंचा हात सफाईचा होता. त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, याला आठ वेढे लागतात."

"चार बस झाले," कारखान्याचे साहेब म्हणाले. "कोण उघडून बघतोय?"

बाईंनी चार वेढे दिले, वर डिंकासारखा एक थेंब टाकला आणि झाकण बंद केलं. बाहेरून मात्र मला काळं चकचकीत अंग आणि सोनेरी स्क्रू मिळाले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ती म्हण कुणी माझ्याकडे बघूनच केली असावी, असं मला पुढे कितीदा वाटलं.

एका कॅमेरेवाल्याने आमची अख्खी थैली उचलली. माणूस बोलायला गोड होता. त्याला एका लाकडाच्या वखारीत काम मिळालं होतं. वखार लांबलचक होती. पुढच्या टोकाला मालकांची खोली, मधे लाकूड कापायची मोठी करवत आणि पार मागे लोखंडी फाटक. खोलीपासून फाटकापर्यंत हजार फूट तार. म्हणजे तारेची एक पेटी अख्खी रिकामी होणार.

त्याने मालकांच्या टेबलावर हातभर तारेचा तुकडा घेतला, एका टोकाला मला बसवलं, दुसऱ्या टोकाला माझ्या जुळ्याला. पडद्यावर चित्र आलं. लख्ख! टेबलावरच्या पेल्याची कडसुद्धा दिसत होती. हातभर तारेत सगळेच पहिलवान असतात, मित्रांनो.

"चालतंय ना?" कॅमेरेवाला म्हणाला.

"चालतंय," मालक म्हणाले.

"आमचे उस्ताद असते तर त्यांनी अख्खी पेटी मधे जोडायला लावली असती," तो हसत म्हणाला. "पेटी खोलायच्या आधी तिचीच दोन टोकं जोडायची, शेजारी मोटर चालू करायची आणि मग चित्र बघायचं. म्हणायचे, जे पेटीत रडेल ते भिंतीवर बोंबलेल. म्हाताऱ्यांना काय, वेळच वेळ!"

हे ऐकणारी एक मुलगी तिथे दाराशी होती. मागच्या फाटकावर राखण करणाऱ्या आजोबांची ती नात. शाळा सुटली की ती आजोबांच्या चौकीत येऊन बसायची. अंगाने इतकी किरकोळ, की आजोबा तिला 'पावशेर' म्हणत. तिला मोजायचा नाद होता. ओंडके, पायऱ्या, आजोबांच्या जांभया, जे दिसेल ते मोजायची.

मला मालकांच्या खोलीत पडद्यामागे लटकवलं आणि जुळ्याला फाटकावर. पहिल्याच दिवशी माझी लाज निघाली. हजार फुटांवरून भाऊ जे पाठवी, त्यातलं काही मी पडद्याला देई आणि काही माझ्या चार वेढ्यांना न पेलून माघारी फिरे. ते त्याच्यापर्यंत जाई, तिथून उलटून पुन्हा माझ्याकडे येई, आणि मी ते दुसऱ्यांदा पडद्याला देई. त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या उजवीकडे तिचीच एक फिकट प्रत उमटायची. करवत चालू झाली की वरून आडव्या रेघांचा पाऊस. मग खरी कुठली आणि प्रत कुठली, तेही ओळखू येत नसे.

"जरा डबल दिसतंय," मालक एकदा म्हणाले.

"लांबून येतंय ना, तेवढं चालतंय," कॅमेरेवाला फोनवर म्हणाला.

माणसांना सवय होते. महिन्याभरात कुणी त्याबद्दल बोलेनासं झालं.

आणि मग एका सकाळी करवतीसाठी आणून ठेवलेलं नवंकोरं पातं चोरीला गेलं.

दुपारी मालकांनी चित्र मागे नेऊन पाहिलं. खोलीत मुकादम होते आणि हात बांधून उभे आजोबा. पडद्यावर रेघांच्या आडून दोन माणसं फाटकातून बाहेर पडताना दिसली. पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल काखेत धरलेलं. एक माणूस ठळक, दुसरा अंधुक.

"हा पुढचा कोण ते माहीत नाही," मालक म्हणाले. "पण हा दुसरा कोण? फाटकाची किल्ली कुणाकडे असते, आजोबा?"

"माझ्याकडे," आजोबा म्हणाले. "पण मी तिथं नव्हतो, मालक. पुढं गाडी आली होती. मुकादमसाहेबांनीच फोनवरून हाक मारली. फाटक राहू दे म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, जरा हात लाव."

सगळ्यांनी मुकादमांकडे पाहिलं. मुकादम खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

"मी?" ते म्हणाले. "मी कशाला फाटक उघडं टाकायला सांगेन? मला तरी आठवत नाही बुवा."

मित्रांनो, त्यांना चांगलं आठवत होतं. ती हाक त्यांनी या खोलीच्या खिडकीखाली उभं राहूनच मारली होती, मी ऐकली होती. पण मला जे बोलता येतं ते फक्त चित्रात, आणि माझं चित्र तर आजोबांच्या विरुद्ध साक्ष देत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

"एकोणीस वर्षं इथं आहात, म्हणून बाहेर वाच्यता करत नाही," मालक म्हणाले. "शिट्टी आणि किल्ली ठेवा टेबलावर."

आजोबांनी शिट्टी गळ्यातून काढली. दोरी कानाला अडकली. ती सोडवून त्यांनी शिट्टी आणि किल्ली टेबलावर ठेवली. एवढ्यात शाळा सुटून पावशेर दारात आली. तिने आजोबांकडे पाहिलं, टेबलावरच्या शिट्टीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पडद्यावर ते चित्र थांबवून ठेवलेलं होतं.

"आजोबा, आपल्या फाटकाला खांब किती?" तिने विचारलं.

"दोन, बाळ. चल घरी."

"इथं चार आहेत."

मुकादम हसले. "अगं पावशेर, ते तसंच दिसतं."

"मग माणसंपण तशीच दिसत असतील," ती म्हणाली. "आणि पातीपण दोन आहेत. बघा ना, दोघांच्या काखेत आहे. चोरीला एकच गेलं ना?"

मालक आणि मुकादम पडद्याकडे वाकले. पातं एकच गेलं होतं म्हणून त्यांनी पातं एकच मोजलं होतं. माणसं मात्र दोन मोजली.

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस," मालक म्हणाले. "कॅमेरा काय खोटं बोलतो?"

पावशेरने दप्तर खाली टाकलं. "आजोबा, तुम्ही इथूनच बघा," एवढं म्हणाली आणि पळत सुटली. करवत घरघरत होती, भुसा उडत होता. हजार फूट म्हणजे लहान पायांना थोडं नाही. तोवर मालकांनी पडद्यावर फाटकाचं चालू चित्र लावलं. मग भावाने तिला माझ्याकडे पाठवलं, आणि मी, जसा होतो तसा, तिला पडद्यावर उतरवलं. तिने उजवा हात वर केला. दोन हात वर झाले. तिने फाटकापाशी एक उडी मारली. दोन मुलींनी बरोबरच उडी मारली.

आजोबा पडद्याजवळ गेले. डोळे पाणावलेले होते, तरी म्हणाले, "बघा मालक, माझ्या पावशेरचा अर्धा शेर झाला."

मालकांनी शिट्टी टेबलावरून आजोबांच्या बाजूला सरकवली. "कॅमेराच बिघडलेला होता," ते म्हणाले. "नाहीतर असं झालं नसतं." मुकादम म्हणाले, "मला वाटलंच होतं." चुकलो, असं दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही. माणसांवर शेकायची वेळ आली की वस्तू फार उपयोगी पडतात. मला तारेसकट उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी होतोच तेवढ्या लायकीचा. पण त्या डब्यात जागा अजून दोघांना पुरली असती.

आजोबा पुन्हा कामाला लागले. पण वखारीतली पोरं जाता-येता विचारतात, "काय आजोबा, जुळा भाऊ कुठाय आज?" पूर्वी ते अशा थट्टेला सव्वाशेर उत्तर द्यायचे. आता नुसतं फाटकाकडे बघतात. मुकादमांनी हाक मारली तरी जागचे हलत नाहीत. आधी चिठ्ठी मागतात.

मला डब्यातून पावशेरने उचललं. चौकीत बसून तिने कर्कटकाचं टोक माझ्या फटीत घातलं आणि झाकण उचकटलं. जन्मल्यापासून मला उघडून बघणारी ती पहिलीच. "एक, दोन, तीन, चार," तिने वेढे मोजले आणि मला कंपासपेटीत ठेवलं.

मित्रांनो, माझी कीव करू नका. स्वस्त असणं हा गुन्हा नाही. माझ्याच किमतीत पोटात आठ वेढे असलेलेही भेटतात. पण ते चकाकीवरून ओळखू येत नाहीत आणि हातभर तारेवर तर मुळीच नाहीत. लांब तार लावा, मोटर चालू करा, फाटकाच्या खांबासारखं काहीतरी सरळ समोर धरा आणि मोजा. आणि 'चालतंय' म्हणण्यापूर्वी एवढं आठवा की, ते चाललं नाही तर भोगणारा बहुतेक वेळा तुम्ही नसता.

दोन दिवसांनी कॅमेरेवाला तारेची पेटी आणि नवी जोडी घेऊन आला. तिचे स्क्रू माझ्यापेक्षाही सोनेरी होते. त्याने हातभर तारेचा तुकडा टेबलावर ठेवला, जोडी बसवली आणि पडदा चालू केला. चित्र लख्ख आलं.

"चालतंय ना?" तो म्हणाला.

मालक मान हलवणार, तोच दारातून फरफटल्याचा आवाज आला. त्याने दाराबाहेर ठेवलेली तारेची नवी पेटी पावशेर दोन्ही हातांनी ओढत आणत होती. पेटी तिला चांगलीच जड होती. ती तिने कॅमेरेवाल्याच्या पायांशी आणून टाकली, धापा टाकत तारेची दोन्ही टोकं शोधून त्याच्या हातात दिली आणि खिडकीतून करवतवाल्या काकांना ओरडून सांगितलं, "काका, मोटर चालू करा!"

मग पडद्यासमोर खुर्ची ओढून ती मोजायला बसली.