माग थांबल्याचे सेकंद

नखाएवढी सर्किटची पट्टी, तिच्या एका कडेला तांब्याची नागमोडी रेघ — हवेतून बोलते ती ही एवढीच रेघ, आणि भूपेशनं काल तीच पत्र्याच्या डब्यात कोंडली होती. बाराच्या बारा मुक्या. मोबाइलवरच्या व्हिडिओत शिकवणारा माणूस स्वच्छ टेबलाशी बसून शिकवतो, त्याच्या टेबलावर तेल उडत नाही, सुताचा धुरळा बसत नाही. भिवंडीतला माणूस धुरळ्यापासून वाचवायला पत्रा ठोकतो आणि सिग्नलच मारून टाकतो. पत्र्यातून लहर जात नाही हे पाठ होतं. पाठ असून चुकलो... म्हणून आज सकाळपासून बारा मागांवर श्रीखंडाचे रिकामे प्लॅस्टिक डबे, वर चिकटपट्टी.

"इंजिनेर, श्रीखंड एकट्यानंच खाल्लंस का रं?" सात ते बारा नंबरचे माग चालवणारा लडकू कानाशी येऊन ओरडला. कारखान्यात ओरडल्याशिवाय बोलताच येत नाही. "आमाला चाटायला पन ठेवलं न्हाय."

एक ते सहा नंबरांवर भूपेशचे वडील, सावळाराम. ते हसले नाहीत. ऐकू आलं नसेल. दोघं दिघाशीहून रोज एकाच मोटरसायकलवर येतात, चालवतो लडकू. पूर्वी आलटून पालटून चालवायचे. वर्षभरात बाबांनी हँडल धरलेलं नाही — उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यातही धुकं आहे, आणि ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कारखान्यात कुणालाच नाही, असं भूपेश समजून होता.

पट्टीचं काम सोपं. माग फिरतो तोवर फेरे मोजायचे, थांबला की सेकंद मोजायचे आणि वीस पावलांवरच्या केबिनमध्ये शेठच्या मोबाइलवर धाडायचे. वायर नको, इंटरनेट नको. "कंपनीवाल्यांचं मशीन लूमच्या भावात, तुझं वडापावच्या भावात," प्रितेशशेठ म्हणाला होता, आणि हेही की आज नीट चाललं तर त्याच्या काकाच्या आणि मामाच्या कारखान्यातही हेच. म्हणजे मानकोलीच्या गोदामात दिवसभर खोक्यांवर स्कॅनरचा लाल दिवा मारत फिरायची ड्युटी सुटली. सहा वर्षं... खोक्यात काय आहे ते एकदाही कळलं नाही, फक्त टुक्, टुक्.

अकराच्या सुमाराला तीन नंबरवर सूत तुटलं. बाबा वाकले, बोटं फणीवरून चाचपडत फिरली, थांबली, पुन्हा फिरली. तेवढ्यात लडकूचाही आठ नंबर थांबला. त्यानं तो तसाच उभा ठेवला, इकडे आला, बाबांच्या बोटांखालचं सूत उचललं, गाठ मारली, फणीतून ओवलं, माग सुरू केला आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून गेला. मग स्वतःचा बघितला. रोजचंच असावं, इतकं सहज.

आणि भूपेशनं काय पाहिलं? डब्यावरचा हिरवा दिवा. दिवा लागतोय ना, एवढंच.

दुपारी चारला केबिनमध्ये शेठनं मोबाइल त्याच्यापुढे सरकवला. एक ते सहा हिरवे. सात ते बारा लालेलाल.

"बघ तुझा बाप. साठीला आलाय, पण लूम मिनिटभर उभा राहत नाय. मानलं. आणि हा लडकू... आठ नंबर चार मिनिटं, दहा नंबर सहा मिनिटं, परत आठ. मला वाटायचं साधा माणूस आहे. विड्या ओढत बसतो साला. सोमवारपासून दुसरा माणूस लावतो." मग मान वर करून, "आकडे बरोबर आहेत ना, भूपेश?"

"बरोबर आहेत."

तोंडातून निघालं, इतक्या पटकन की त्यात विचार करायला जागाच नव्हती. आणि खोटं काय होतं त्यात? एकेक सेकंद मी तपासलाय, घड्याळ लावून तपासलाय. माग थांबला किती वेळ, ते पट्टी सांगते. आठ नंबर उभा ठेवून लडकू कुणाच्या मागावर वाकला होता, ते सांगायला तिला कुणी शिकवलं नाही. मी शिकवलं नाही. एक वाक्य बोललो तर लडकू राहतो आणि बाबा जातात — आंधळा होत चाललेला कामगार कोण ठेवतो इथं? हाच शेठ, मानलं म्हणणारा, संध्याकाळच्या आत हिशोब करून मोकळा होईल. नाही बोललो तर... लडकू गेला की बाबांची सुतं कोण जोडणार? आठवडाभरात तेच सहा माग लाल. म्हणजे गप्प बसून मी बाबांनाही वाचवत नाही. फक्त आठवडा मिळतो. आणि काकाचा कारखाना मिळतो, मामाचा मिळतो. हे शेवटचं त्याला सगळ्यात आधी सुचलं होतं. उगाच क्रम बदलून मांडण्यात अर्थ नाही.

तो बाहेर आला. डोक्यात खटखट. सकाळपासून तो चिडलेलाच होता — पत्र्यावर, शेठवर, मूग गिळून बसलेल्या बाबांवर. सुताची कांडी बदलता बदलता बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे तो ज्या बाजूला असावा त्या बाजूला पाहिलं.

"झाला का रं पास?"

"हो."

"शेठ काय बोलला?"

"तुमचं काम चांगलं आहे म्हणाला."

बाबांनी कांडी धोट्यात बसवली, अंगठ्यानं चाचपून बघितली. मग मान न वळवता, पलीकडच्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू — तरी भूपेशला ऐकू आलं, कसं कुणास ठाऊक —

"आनी लडकूचं?"

तो उभा राहिला. दिवसभर ज्यांच्यावर चिडलो ती माणसं एकेक करून बाजूला सरकल्यासारखी झाली, चीड मात्र होती तिथंच राहिली, तशीच, आणि तिच्यासमोर आता त्याच्याशिवाय दुसरं कुणीच उभं नव्हतं. बाबा उत्तराची वाट पाहत होते. भूपेशच्या लक्षात आलं, आपण पट्टीसारखे सेकंद मोजतोय.