दसऱ्याला उभी केलेली पेटी

"हे कार्ड या डिस्कले ओळखतच नाई," नागपूरहून आलेला मुकुंद इंजिनिअर म्हणाला आणि संगणकाची पेटी त्याने पुन्हा टेबलावर आडवी घेतली. "कार्ड संगणकाच्या कंपनीचं, हिशोब साठवायची डिस्क दुसऱ्याची. दोघाचं जमून नाई राहिलं."

"मंग घेऊन जा परत," मॅनेजर भाऊराव म्हणाले. "कंपनीची डिस्क आपल्याले परवडत नाई. आतापर्यंत कापसाचा हिशोब हातानंच केला, याही साली करू. बडे बाबू हायेतच."

बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क रघुनाथराव. सौंसरच्या या जिनिंग संस्थेत ते मिसरूड फुटायच्या वयात चिकटले ते आजतागायत. दिवाळीला त्यांची निवृत्ती होती. पण यंत्र परत गेलं तर आणखी दोन वर्षं ठेवून घेऊ, असं भाऊरावांनी सकाळीच सांगितलं होतं. तेव्हापासून रघुनाथराव चेहरा गंभीर ठेवून मनातल्या मनात हरखले होते. पैशाचा मोह म्हणाल तर तो नव्हता. बायको केसरबाई गेल्यापासून घराचं कुलूप लावायलाही तेच आणि उघडायलाही तेच. बोलायला माणूस भेटायचं ते कचेरीत.

वंदना मात्र खिडकीशी उभी होती. पांढुर्ण्याहून रोज बसने येणारी ही मुलगी या यंत्रासाठीच नेमली होती, तीही तात्पुरती. यंत्र गेलं की तीही गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या पगारावर घरी आई आणि दोन भाऊ जेवत होते.

मुकुंदने झाकण काढलं, वायरी बदलल्या, कार्ड उपसून पुन्हा बसवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर शेतकऱ्यांची नावं भराभर उमटली. वंदनाचा चेहरा उजळला. त्याने झाकण लावलं आणि पेटी होती तशी भिंतीशी उभी करून ठेवली. पुन्हा बटण दाबलं तर पडदा काळा, आणि आत नुसती कुरकुर.

"पाहा," तो हताश होऊन म्हणाला. "उघडं असलं का चालते, झाकलं का बंद. कार्डच गरम होत असन. माह्या हातचं नाई हे."

गडी प्रामाणिक होता. सकाळपासून पाण्याचा घोट न घेता झटत होता. पण पेटी आधी कशी होती, हे त्याला कुठून माहीत असणार? डिस्क बसवायला आला होता तो दुसराच माणूस.

रघुनाथरावांच्या मात्र हातातला पेन तसाच राहिला.

पेटी त्यांनी उभी केली होती. दसऱ्याच्या पूजेला कचेरीतला काटा, टाइपरायटर, गठाणी दाबायचा प्रेस, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मग यंत्राची पाळी आली, तर ते टेबलावर आपलं आडवं. आडव्याला हळदकुंकू वाहायचं म्हणजे काय, हे त्यांच्या मनाला पटेना. वडिलांनी शिकवलेलं होतं, पूजा उभ्याची करावी, आडवं मयत असतं. म्हणून त्यांनी पेटी पाटावर उभी केली, कुंकू लावलं, हार घातला. टेबलावर जागाही झाली, तेव्हा नंतर भिंतीशी तशीच राहू दिली. वंदना सुटीवर होती. परतल्यावर तिला वाटलं, डिस्कवाल्यांनीच उभी ठेवायला सांगितलं असेल. बिघाड सुरू झाला तो त्याच दिवसापासून.

आज ते सकाळपासून बघत होते. आडवी असली की चालते, उभी केली की बंद. झाकणाचा त्यात काही संबंध नव्हता.

गप्प बसलं तर कोणाला काय कळणार होतं? दोन वर्षं. सकाळी अंघोळ करून निघायला एक ठिकाण. रघुनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

वंदना टेबलापाशी आली आणि आपला डबा पिशवीत भरू लागली. "काकाजी, तुमाले नाव टाइप कराले शिकवलं होतं ना, ते विसरू नका," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न तिला काही जमला नाही.

"मुकुंदराव," रघुनाथराव खुर्चीतून उठत म्हणाले. "झाकण लावून आडवी ठेवून पाहा बरं एकडाव."

"आडवी?"

"पयले आडवीच होती. दसऱ्याले मी उभी केली. पूजेसाठी."

मुकुंदने झाकण घट्ट लावलं, पेटी आडवी ठेवली, बटण दाबलं. नावं आली. त्याने मुद्दाम थोडी वाट पाहिली. नावं तशीच होती.

"आडवी असताना लिहिलं, ते उभ्यानं वाचता येऊन नाई राहिलं या डिस्कले," तो कपाळ पुसत म्हणाला. "कंपनीची असती तर उभ्यानंही वाचलं असतं. मी आपला कार्डाच्या मागं लागलो होतो."

"बडे बाबू," भाऊराव हळूच म्हणाले, "मंग आता तुमचं..."

"दिवाळीच्या आधी निरोप घेऊन टाकू," रघुनाथराव म्हणाले. "पोरीले कायम करा म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी ते वंदनासोबत बसस्टँडपर्यंत गेले. एरवी जात नसत. पांढुर्ण्याची बस लागल्यावर ती म्हणाली, "काकाजी, तुमी बोलले नसते तं..."

"खिडकीची जागा पकड. गर्दी होऊन राहिली."

ती चढली. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत ते उभे राहिले. मग घराच्या वाटेकडे बघून तिथल्याच बाकावर टेकले. छिंदवाड्याच्या बसचा कंडक्टर समोर येऊन थांबला.

"कुठं जाचं, बाबूजी?"

"कुठं नाई," रघुनाथराव म्हणाले. "बसलो आपला जरासा."