डावा त्याचा, उजवा माझा

डोंगरावर तीन वाटाड्यांच्या बुटांचे सोल सुटले आणि त्यांच्या कंपनीच्या मॅनेजरनं खापर माझ्या, बूट दुरुस्त करणारीच्या, डोक्यावर फोडलं. "सोमवारपासून सगळे बूट दुसरीकडे दुरुस्तीला." शिवायला दोन दिवस लागतात, नुसतं सोल्युशन लाव आणि संध्याकाळी दे, हे सांगणारा तोच. ते सोयीस्कर विसरला.

मी भांडले. मग कामाला लागले. एका जुन्या जोडातल्या डाव्या बुटाचा सोल त्याच्या हुकमाप्रमाणे चिकटवला, उजव्याचा शिवला.

"हे घालून डोंगर पार करते. तुम्हीही या."

"तुला झेपेल का?"

"बुटांना विचारा."

सकाळी निघालो. पुढं अक्का, माझी थोरली बहीण, वाटाड्यांची मुकादम. मध्ये मी. मागं मॅनेजर, दुकानातून कालच आणलेल्या बुटांत. ज्वालामुखीची काळी खडी घोट्यापर्यंत पाय गिळत होती. दगड असे, की हात टेकला तर किसणीवर टेकल्यासारखं. जिथं बूट झिजतात तिथं मी वीस वर्षांत आले नव्हते, पण काय होणार ते मला ठाऊक होतं.

दुपारी जमिनीतून वाफा निघणाऱ्या पट्ट्यात पोचलो. जमीन बुटातूनही चटका देत होती.

"थांबू नका, चालत राहा," अक्का म्हणाली.

मी थांबले. मुद्दाम. थोड्या वेळानं सोल्युशन वितळलं आणि डाव्या सोलनं पुढून आ वासला. उजवा जागचा हलला नाही.

"योगायोग," मॅनेजर म्हणाला.

"आणि उजवा? तो कुणाच्या पुण्याईनं टिकला?"

तो वाद घालत बसला. म्हणजे उभाच राहिला, तापलेल्या जमिनीवर, हातवारे करत. चालायला वळला तेव्हा त्याचा एक सोल मागंच राहिला.

अक्कानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

थंड दगडावर बसून मी आरी आणि मेणाचा दोरा काढला. आधी माझा डावा बूट शिवला, सावकाश. मग हात पुढं केला. "आणा. सोमवारी बूट कुठं जाणार?"

त्यानं खाली पाहिलं. चार तासांची उतरण.

"तुमच्याकडे."

"किती दिवसांत मिळतील?" मी विचारलं.

"दोन," तो म्हणाला.

"तीन म्हण की, आत्ता हो म्हणेल," अक्का माझ्या कानात कुजबुजली.

"दोनच लागतात," मी म्हणाले आणि त्याच्या बुटात आरी खुपसली.